वंक्षुतीरींचें कुंकुम आणि वसंतांतील रानटी क्रोकस

१. विषयप्रवेश

कालिदासाच्या रघुवंशांतील चौथ्या सर्गांत रघूचा दिग्विजय वर्णिला आहे. पारसीकांस जिंकल्यावर रघु उत्तरेकडे वळतो. तेथें एका नदीच्या तीरावर त्याचे अश्व लोळून मार्गश्रम घालवितात आणि खांद्यांस चिकटलेले कुंकुमकेसर झटकून टाकतात, अशा अर्थाचा एक श्लोक आहे. ही नदी कोणती याविषयीं पाठभेद आहे. मल्लिनाथाच्या टीकेबरोबर जो पाठ आपल्याकडे सर्वत्र छापला जातो त्यांत ती ‘सिंधु’ आहे. काश्मीरी टीकाकार वल्लभदेव याच्या पाठांत ती ‘वंक्षु’, म्हणजे ग्रीकांची ऑक्सस व हल्लींची अमुदर्या आहे. लगेच पुढच्या श्लोकांत हूणांचा उल्लेख येत असल्यामुळें या पाठभेदावर बराच भार पडलेला आहे. कै. प्रा. का. बा. पाठक यांनीं वंक्षुतीरींचे हूण हा आधार घेऊन कालिदासाच्या कालनिर्णयाचा विचार केला, हें जिज्ञासूंस ठाऊकच आहे.

प्रस्तुत लेखकानें शाळेंत संस्कृत शिकवीत असतां, सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं, एका सभेंत या श्लोकावर निबंध वाचला होता. त्यांत असें प्रतिपादन केलें होतें कीं, वंक्षूच्या खोऱ्यांतील डोंगरउतारांवर वसंताच्या आरंभीं क्रोकस नांवाचें फूल आपोआप उगवतें. क्रोकस म्हणजेच कुंकुम. रघु शरदांत निघाला, तीन दिशा जिंकून उत्तरेस पोहोंचेपर्यंत वसंत आलाच असेल. तस्मात् ‘वंक्षु’ हाच पाठ खरा व त्याला वनस्पतिशास्त्राची साक्ष आहे. निबंध श्रोत्यांस आवडला. पुढें हेंच मत मीं विद्यार्थ्यांनाहि अनेक वर्षें सांगितलें, आणि त्यांपैकीं कांहींनीं तें आपल्या लेखनांत घेतलेंहि. त्या अनुमानांतील वनस्पतिशास्त्राचा भाग चुकीचा होता असें आतां माझ्या ध्यानांत आलें आहे. ज्यानें चूक पसरविली त्यानेंच ती मागें घ्यावी हें उचित होय, म्हणून हा लेख.

२. वंक्षूच्या उतारांवरील क्रोकस

प्रथम त्या फुलाचेंच वर्णन करणें अवश्य आहे. कारण आपल्या देशांत रानटी क्रोकस कोठेंहि होत नाहीं. काश्मीरांतील केशर हें लागवडीचें आहे. त्यामुळें आपल्या पंडितांनीं हें फूल पुस्तकांतच पाहिलेलें असतें.

क्रोकस या कुलाच्या शंभराहून अधिक जाती आज गणल्या जातात. त्यांचा विस्तार पश्चिमेस पोर्तुगाल-मोरोक्कोपासून पूर्वेस थिएनशान पर्वतापर्यंत आहे. कांहीं जाती शरदांत फुलतात, कांहीं हिमान्तीं किंवा वसंतांत. या विस्ताराच्या पूर्व टोकाला, आपल्याला सर्वांत जवळ, दोन रानटी जाती आहेत व त्या दोन्ही वसंतांत फुलणाऱ्या आहेत. एक पांढऱ्या फुलाची क्रोकस अलाताविकस. हिचें नांव अलाताउ पर्वतावरून पडलें असून रशियन प्रवासी सेम्योनोव्ह व वनस्पतिवेत्ता रेगेल यांच्याकडे तिच्या नामकरणाचें श्रेय आहे. दुसरी पिवळ्या फुलाची क्रोकस कोरोल्कोवी. तुर्कस्तानांत नोकरीस असलेला रशियन सेनानी कोरोल्कोव्ह याला वनस्पति जमविण्याचा नाद होता, त्याचें नांव तिला मिळालें. रेगेल, आणि क्रोकस कुलावर इ. स. १८८६ मध्यें मोठा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध करणारा इंग्रज गृहस्थ जॉर्ज मॉ, या दोघांमुळें ती युरोपांत परिचित झाली. मॉ हा व्यवसायानें फरशा व कौलें तयार करणारा कारखानदार होता. परंतु त्याचा ग्रंथ अद्याप आदरानें पाहिला जातो.

ही दुसरी जातिच आपल्या प्रकरणांतील पात्र होय. उझबेकिस्तान, ताजिकिस्तान, उत्तर अफगाणिस्तान आणि उत्तर पाकिस्तान हें तिचें क्षेत्र आहे. म्हणजे वंक्षूचीं दोन्ही तीरें त्यांत आलीं. जमिनीखालीं तिचा चपटा घनकंद असतो व त्यावर बारीक तंतूंचें पातळ आवरण असतें. उन्हाळ्यांतील कोरड्या महिन्यांत वनस्पति या कंदाच्या रूपानेंच जिवंत राहते. दरवर्षीं जुना कंद झिजून त्याच्या डोक्यावर नवा कंद धरतो. असें होत गेल्यास कंद वर वर येऊन उघडा पडावयाचा. परंतु नव्या कंदाचीं कांहीं मुळें आखडणारीं असतात, व तीं कंदाला पुनः खालीं ओढून घेतात.

माघापासून चैत्रापर्यंत, उंचीप्रमाणें मागेंपुढें, बर्फ वितळूं लागतांच हें फूल वर येतें. पानें अरुंद, गवतासारखीं, दहापासून वीसपर्यंत असतात. क्रोकसच्या इतर बहुतेक जातींना इतकीं पानें नसतात. पानाच्या मध्यावर पांढरी रेघ असते. फुलाला खरा देंठ बाहेर दिसत नाहीं. देंठ म्हणून जें दिसतें ती पाकळ्यांची लांब नळी होय. अंडाशय तर जमिनीखालीं कंदाजवळच असतो. बीं पिकण्याच्या वेळीं आंतला आखूड देंठ वाढतो व फळ भूमीच्या वर येतें. फूल उमलतांना बीजाचें ठाणें मातीच्या उबेंत ठेवण्याची ही योजना हिमप्रदेशांत किती उपयोगी आहे हें सांगणें नको.

पाकळ्या सहा, तीन बाहेर व तीन आंत. रंग चकचकीत सोनेरी पिवळा. बाहेरच्या तीन पाकळ्यांच्या पाठीवर तपकिरी किंवा जांभळट रेघा वा छटा असते. म्हणून मिटलेलें फूल मळकट आणि उमललेलें फूल उजळ दिसतें. ऊन पडलें कीं तें उमलतें, ढग आले कीं मिटतें. क्रोकसच्या फुलांना तपमानांतील सुमारें अर्ध्या अंशाचा फरकहि समजतो असें फेफर या जर्मन शास्त्रज्ञानें गेल्याच्या मागच्या शतकांत प्रयोगानें दाखविलें होतें. आंत पुंकेसर तीन. मध्यें एक स्त्रीकेसर व त्याला वर तीन फांटे. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीनें सर्व महत्त्व या तीन फांट्यांना आहे. कोरोल्कोवीमध्यें ते आंखूड, पिवळे किंवा नारिंगी, आणि फुलाच्या आंतच राहणारे असतात.

३. केशर कशाला म्हणावें

बाजारांतील केशर म्हणजे क्रोकस सातीवस या जातीच्या स्त्रीकेसराचे तीन फांटे. त्यांत आणि वरील रानटी फुलांत चार भेद स्पष्ट आहेत.

पहिला भेद ऋतूचा. सातीवस आश्विन-कार्तिकांत, म्हणजे काश्मीरांत सामान्यतः ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत फुलतें, कोरोल्कोवी हिमान्तीं. दुसरा रंगाचा. सातीवसच्या पाकळ्या जांभळ्या, कोरोल्कोवीच्या पिवळ्या. तिसरा भेद खुद्द केसराचा. सातीवसचे तीन फांटे गडद तांबडे, लांब आणि पाकळ्यांच्या बाहेर लोंबणारे असतात. रंग, वास व कडवट रुचि हीं सर्व त्यांत सांठलेलीं असतात. तरी एक ग्रॅम सुकें केशर मिळण्यास दीडशेंच्या आसपास फुलें खुडावीं लागतात. कोरोल्कोवीच्या आंखूड पिवळ्या फांट्यांपासून केशर काढल्याचें कोठें ऐकिवांत नाहीं.

चौथा भेद सर्वांत महत्त्वाचा आहे. सातीवस वांझ आहे. तिच्या पेशींत रंगसूत्रांचे तीन संच, एकंदर २४ सूत्रें आहेत; तीन संचांची नीट वांटणी होत नसल्यामुळें तिला सुपीक बीं धरत नाहीं. ग्रीसमधील क्रोकस कार्टराइटिआनस या शरदांत फुलणाऱ्या रानटी जातीपासून ती उत्पन्न झाली, व तिचें मूळ अथेन्सभोंवतालच्या आत्तिका प्रांतांत आहे, असें इ. स. २०१९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या दोन स्वतंत्र आनुवंशिक अभ्यासांनीं ठरविलें आहे. यावरून निघणारा सिद्धांत इतिहासाच्या अभ्यासकानें गांठीं बांधून ठेवावा: केशर कोठेंहि रानटी नाहीं. जेथें जेथें तें आहे तेथें कोणी तरी कंद हातांत घेऊन गेला आहे व दर कांहीं वर्षांनीं ते उकरून पुनः लावीत आला आहे. काश्मीर असो, पारस असो, वंक्षुतीर असो, कुंकुमाचें शेत म्हणजे मनुष्याची वस्ति.

माझी चूक येथें होती. ‘क्रोकस म्हणजेच कुंकुम’ हें वाक्य मीं कुलाच्या नांवावरून केलें, जातीच्या नांवावरून नव्हे. मनाचें समाधान एवढेंच कीं, या वाटेनें थोरहि गेलेले आहेत. खुद्द लिनियसनें इ. स. १७५३ च्या आपल्या ग्रंथांत शरदांतील केशर आणि आल्प्स पर्वतांतील वासंतिक क्रोकस या दोहोंस एकाच जातीचे दोन पोटभेद म्हणून घातलें होतें. इ. स. १७६५ मध्यें हिल यानें वासंतिक फुलाला स्वतंत्र जातीचा मान दिला.

४. दुसरा एक तोतया

वैद्यकाच्या पोथ्या चाळणाऱ्यांसाठीं आणखी एका फुलाचा उल्लेख करणें भाग आहे. बर्फाच्या कडेला, त्याच हिमान्तीं, त्याच पिवळ्या रंगाचें कोल्चिकम लुटेउम हें फूल मध्य आशिया, अफगाणिस्तान व काश्मीर येथें उगवतें. याचा कंद म्हणजे हकिमांचा कडू सुरंजान. दुरून पाहणारा प्रवासी यालाहि क्रोकस म्हणतो, आणि प्रवासवर्णनांतील ‘काश्मीरांत वसंतांत फुललेला पिवळा क्रोकस’ बहुधा हाच असतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. क्रोकसला पुंकेसर तीन, कोल्चिकमला सहा. क्रोकसचा स्त्रीकेसर एक असून त्याला वर फांटे फुटतात. कोल्चिकमचे तीन स्त्रीकेसर तळापासून सुटे असतात. ही मोजणी केवळ शास्त्रीय हौस नव्हे. कोल्चिकमच्या सर्व अंगांत जहाल विष आहे. एखाद्या बाडांत ‘केशर’ शब्दापुढें पिवळ्या रानफुलाचें वर्णन आढळल्यास, तें औषधांत घेण्यापूर्वीं पुंकेसर मोजावे.

५. बाह्लीक हें नांव

आतां कोशांकडे वळूं. अमरकोशांत कुंकुमाच्या पर्यायांत काश्मीरजन्म आणि बाह्लीक (पाठांतरानें वाह्लीक) हीं दोन देशवाचक नांवें आलीं आहेत. भावप्रकाशांत तर तीन प्रती सांगितल्या आहेत: काश्मीरचें सूक्ष्म व आरक्त, कमळाच्या वासाचें, तें उत्तम, बाह्लीकाचें पांडुर, केतकीच्या वासाचें, तें मध्यम, पारसीक देशचें स्थूल, किंचित् पांडुर, मधाच्या वासाचें, तें कनिष्ठ. बाह्लीक म्हणजे बल्ख. बल्खचें केशर पांडुर आहे, आणि बल्खच्या डोंगरांत पिवळा रानटी क्रोकस आहे. तेव्हां तेंच हें, असा मोह मला पडला होता. परंतु भावप्रकाशांत वर्णिलेल्या तीन वस्तु एकाच द्रव्याच्या प्रती आहेत. पांडुरपणा हा स्त्रीकेसराचा खालचा फिकट भाग न तोडल्यानें, जुनेपणानें किंवा भेसळीनेंहि येतो. तेवढ्यावरून निराळी वनस्पति मानण्याचें कारण नाहीं.

शिवाय एक प्रमाण आपल्या हाताशीं असतांना मीं तें पाहिलें नव्हतें. अमरकोशांत ‘बाह्लीक’ हें हिंगाचेंहि नांव आहे. हिंग आणि केशर यांचा वनस्पति म्हणून कांहीं संबंध नाहीं. संबंध आहे तो सार्थवाहांच्या वाटेचा. बल्खच्या बाजूनें जें उत्तम सुगंधि किंवा उग्र द्रव्य येई त्याला बाह्लीक म्हणत. हाच प्रकार ‘जागुड’ या नांवाचा. कोशांत तें कुंकुमाचें नांव म्हणून येतें. आणि सातव्या शतकांतील चिनी यात्रेकरू युआन च्वांग यानें गझनीकडील जागुड देशाच्या वर्णनांत केशर व हिंग या दोहोंचा उल्लेख केला आहे. काश्मीर व उद्यान या देशांतहि केशर होत असल्याचें तो लिहितो. म्हणजे देशवाचक नांव हें मालाच्या पेठेचें किंवा शेताचें नांव आहे, रानफुलाचें नव्हे. आपण महाराष्ट्रांत हळदीवर क्षाराचा संस्कार करून केलेल्या तांबड्या चूर्णाला ‘कुंकू’ म्हणतों. तेथें नांव राहिलें व वस्तु पालटली. नांवावरून वनस्पति ठरवूं पाहणाऱ्यानें हें घरचें उदाहरण विसरूं नये.

वंक्षूच्या खोऱ्यांत केशराची शेती नव्हती, असा मात्र याचा अर्थ नाहीं. दहाव्या शतकांतील अरबी भूगोलवेत्त्यांनीं नदीच्या उत्तरेकडील शुमान व वाशगिर्द या मुलखांतून केशर बाहेर जात असल्याची नोंद केली आहे. हे मुलूख वंक्षूला मिळणाऱ्या उपनद्यांवर आहेत. कालिदासाच्या काळींहि तेथें शेती होती असें यावरून सिद्ध होत नाहीं. परंतु ती अशक्य नव्हती एवढें दिसतें.

६. श्लोकाचा पुनर्विचार

आतां वंक्षु कीं सिंधु? वनस्पतिशास्त्राचा कौल पुढीलप्रमाणें होतो.

(अ) अश्वांच्या खांद्यांस ‘कुंकुमकेसर’ चिकटले असें कवि म्हणतो. चिकटण्याजोगे लांब, बाहेर आलेले केसर सातीवसचेच. रानटी कोरोल्कोवीचे केसर फुलांतच दडलेले असतात. अतएव कवीच्या दृष्टीसमोर लागवडीचें शेत आहे. शत्रुदेशांतील शेतांत सैन्याचे घोडे लोळले हें दिग्विजयाच्या वर्णनास शोभतेंहि.

(आ) ऋतूवरून कांहींच ठरत नाहीं. रघु शरदांत निघाला हें खरें. पण पुढें कवि महिने मोजीत नाहीं. उत्तरेस पोहोंचतांना वसंत होता हें मीं कल्पिलें होतें, आणि मग त्या कल्पनेला अनुरूप असें वासंतिक फूल शोधून काढलें होतें. ही पद्धतच उलटी.

(इ) दोन्ही नद्यांच्या तीरीं केशर संभवतें. म्हणून केवळ फुलाच्या साक्षीवर एकहि पाठ सिद्ध होत नाहीं किंवा बाद होत नाहीं.

मग निर्णय कशावर करावा? तो हस्तलिखितांवर व टीकाकारांवरच करावा लागेल. आणि तेथें माझें जुनें मत, निराळ्या कारणानें, अजून टिकतें असें वाटतें. मल्लिनाथ दक्षिणेंतला. सिंधु म्हणजे काश्मीर देशांतील एक नद, असें स्पष्टीकरण त्याला द्यावें लागलें. कुंकुम काश्मीरचें ही प्रसिद्धि इतकी रूढ होती कीं नदीहि काश्मीरची हवी. परंतु काश्मीरांतील सिंधु श्रीनगराच्या खालच्या बाजूस वितस्तेला मिळते, आणि केशराचें प्रसिद्ध ठिकाण पांपुर, राजतरंगिणींतील पद्मपुर, श्रीनगराच्या वरच्या बाजूस वितस्तेजवळच्या कोरड्या पठारावर आहे. कवीला मोजणीदार ठरवूं नये हें खरें. पण मल्लिनाथाचें स्पष्टीकरण ओढूनताणून आणलेलें आहे हें लपत नाहीं.

उलट वल्लभदेव काश्मीरी. कल्हणानें आपल्या देशाच्या दुर्लभ वस्तूंत कुंकुमाची गणना केली. बिल्हणानें काव्य आणि केशर यांना सख्खीं भावंडें करून दोन्हींवर काश्मीरचा हक्क सांगितला. अशा देशांतला टीकाकार, पाठ ‘सिंधु’ असता, तर तो आनंदानें ठेविता. घरचें केशर परक्या नदीला देण्याचें त्याला कारण नव्हतें. अमरकोशाचा टीकाकार क्षीरस्वामी हाहि ‘बाह्लीक’ शब्दाच्या विवरणांत रघूच्या याच उत्तरदिग्विजयाचें स्मरण करतो. म्हणजे त्याच्याहि समजुतीनें श्लोकांतील कुंकुम बाह्लीक देशींचें होतें. ‘वंक्षु’सारखें अपरिचित नांव लेखकांनीं बदलून ‘सिंधु’ करणें सहज संभवतें. ‘सिंधु’चें ‘वंक्षु’ कोणी कशाला करील? वल्लभदेवाच्या टीकेच्या पहिल्या सहा सर्गांची चिकित्सक आवृत्ति गुडॉल व आयझॅकसन या पंडितांनीं इ. स. २००३ मध्यें प्रसिद्ध केली आहे. ती पाहिल्यावर माझा कल अधिकच या बाजूस झाला.

तात्पर्य, ‘वंक्षु’ हा पाठ प्राचीन व ग्राह्य दिसतो, परंतु वंक्षूच्या उतारावरील वासंतिक पिवळें फूल त्याचा साक्षीदार नव्हे. खऱ्या पक्षासाठीं आणलेला खोटा साक्षीदारहि खोटाच. तो उलटतपासणींत फुटला म्हणजे पक्षाची हानि होते. ज्या कोणीं माझ्या जुन्या निबंधाचा हवाला दिला असेल त्यांनीं तो भाग कृपा करून गाळावा.

७. विनंति

आपल्याकडील खाजगी संग्रहांत रघुवंशाच्या पोथ्या विपुल आहेत. मल्लिनाथाच्या टीकेशिवाय असलेल्या, किंवा दुसऱ्या टीकेच्या, किंवा शारदा लिपींतल्या पोथ्या ज्यांच्यापाशीं असतील त्यांनीं चौथ्या सर्गांतील हा श्लोक काढून नदीचें नांव पाहावें. अक्षर खोडून दुसरें घातलेलें असल्यास तेंहि टिपावें. आणि पोथीची लिपि, शक व लेखकाचें स्थळ यांसह तें कळवावें. ‘वक्षु’, ‘वंक्षू’ असे लेखनभेद उपेक्षूं नयेत. एका अक्षराचा हा शोध आहे, परंतु त्या अक्षरावर कवीच्या भूगोलाचा व कांहींसा त्याच्या काळाचाहि निर्णय अवलंबून आहे. हिमाच्या कडेला उगवणारें तें सोनेरी फूल मला अजून पाहावयास मिळालेलें नाहीं, व या वयांत मिळेल असें वाटत नाहीं. पोथींतील तें अक्षर मात्र आपल्यापैकीं कोणाच्या तरी दप्तरांत असेल.